लुगडं येईपर्यंत

सरांची आणि माझी पहिली खडाजंगी जनावरांच्या दवाखान्यावरून झाली. शरीररचनाशास्त्र विभागात मी नुकतीच रुजू झाले होते, नव्या एप्रनची घडीसुद्धा मोडली नव्हती. सर विभागप्रमुख. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक मोठा थर्मास दिला आणि जनावरांच्या दवाखान्यातून भरून आणायला सांगितलं. मला वाटलं, चहा. तिथे गेल्यावर कळलं की गाई भरवायच्या वीर्याच्या कांड्या ज्यात बुडवून ठेवतात ते द्रवरूप नत्र, म्हणजे लिक्विड नायट्रोजन, आणायचंय. तिथल्या डॉक्टरांनी थर्मास भरून दिला, झाकण सैल ठेवा, नाहीतर फुटेल, असं बजावलं, आणि वर हसून विचारलं की तुमच्या सरांच्या गाई अजून गाभण राहिल्या नाहीत का.

मी तणतणत परत आले. एवढं शिकले ते गाईगुरांच्या दवाखान्याचे हेलपाटे घालायला नव्हे, असं सरांना तोंडावर सांगितलं. मी परळीची, व्यापाऱ्याच्या घरातली. औष्णिक केंद्राची राख झटकून कपड्यांच्या घड्या घालत मोठी झालेली. आमच्याकडे मनातलं मनात ठेवायची पद्धत नव्हती. सर शांतपणे म्हणाले की दुसरीकडे कुठे मिळत असेल तर सांगा, उद्यापासून तिकडून आणू. दुसरीकडे मिळत नव्हतंच. त्यानंतर कित्येक वर्षं मी तो थर्मास वाहिला.

सरांचं काम पोटरीवर होतं. पोटरीच्या फुगीर मांसाखाली एक चपटा स्नायू असतो. आपल्याला उभं ठेवतो तो, आणि लांब चालवतोही तोच. स्नायूत दोन जातींचे धागे असतात, एक सावकाश दमणारे आणि दुसरे झटक्यात जोर लावून लगेच थकणारे. माणूस मेल्यावर लगेच शेंगदाण्याएवढा तुकडा काढून गोठवला आणि रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेगळे दिसतात, सावकाश दमणारे गडद, दुसरे फिके. औषधात मुरलेल्या मांसात हे काही कळत नाही. शिजलेल्या डाळीवरून दाणा कसा होता ते ओळखायला सांगण्यासारखं ते आहे. आमच्या भागात ताजा स्नायू गोठवून पाहणारे पहिले सरच. बाहेरच्या लोकांनी खेळाडू तपासले होते, रोगी तपासले होते. आयुष्यभर मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाची पोटरी आतून कशी होत असेल, हे कुणी पाहिलं नव्हतं. सरांना तेवढंच पाहायचं होतं.

आणि नेमकं तेच जमत नव्हतं. आमच्याकडे ताजे मिळणारे देह बहुतेक बेवारस, रुग्णालयात गेलेले. हा माणूस जन्मभर काय करत होता हे सांगायला मागे कुणी नसायचं. सर तळपायाच्या भेगांवरून हात फिरवायचे, खांद्यावरचे घट्टे चाचपायचे आणि अंदाज बांधायचे. मग अंदाज म्हणजे शास्त्र नव्हे, असं स्वतःच पुटपुटून चिडायचे. त्यांनी लिहिलेले लेख बाहेर छापून आले, लोक त्यांना मान देत, पण त्यांचा मूळ प्रश्न होता तिथेच होता. ज्याचं सगळं चालणं माहीत आहे असं एक माणूस त्यांना हवं होतं.

असं माणूस त्यांच्या घरातच होतं. सर धनगराचे. धर्मापुरीच्या पलीकडे त्यांचं लहानसं गाव. आईवडील आणि थोरली बहीण वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. सरांना एका गुरुजींनी वसतिगृहात ठेवून घेतलं म्हणून ते शिकले, पण प्रत्येक सुट्टीत तेही मेंढरांमागे चालत. वडील लवकर गेले, तरी आई आणि बहीण चालतच राहिल्या.

एकदा सर मला त्या गावी घेऊन गेले. देवळापुढच्या पारावर माणसं जमवली आणि मेल्यावर पोटरीतला एवढासा तुकडा द्या, म्हणून समजावून सांगायला लागले. लोक चावटपणा करू लागले. एकानं विचारलं की वर गेल्यावर लंगडत चालावं लागलं तर कोण जबाबदार? सरसुद्धा हसले, पण कान लाल झाले होते. घरी आल्यावर त्यांच्या मायनं भाकरी थापता थापता माझी चौकशी केली. परळीची म्हटल्यावर म्हणाली, "राखंतली हाय व्हय." त्या दिवसापासून तिनं मला राखंतलीच म्हटलं. मग तव्यावरची भाकरी उलटून सरांकडे न बघताच बोलली.

"लोकाच्या दारात कावून जातूस? मव्ही पोटरी का चाललेली न्हाई? मेल्यावर घे की."

मीच विचारलं, माय, खरंच देणार का? ती म्हणाली की देणार म्हणजे देणार, पण एक अट हाय. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय हात लावायचा नाही. आपल्याकडे बाई गेली की माहेरची माणसं लुगडं आणून पांघरतात. जिथून आली तिथल्या माणसांनी तिला झाकून पाठवायचं. तिचं माहेर बीडजवळ पाली. तिचा भाचा अजून तिथे राहत होता. म्हणाली, ते आणतील लुगडं, मग खुशाल घे, कसाई न्हाईस तू, मव्हं लेकरूच हायस.

अक्का, म्हणजे सरांची बहीण, गावातच दिलेली, तिथेच बसली होती. तिनं संमतीच्या कागदासाठी मायच्या अंगठ्याला शाई लावून दिली. पुढे परवानग्या झाल्या, कॉलेजच्या समितीसमोर सर पुराव्यानिशी बोलले. मी मनातून हरखून गेले होते. इतकी वर्षं अडलेलं काम मार्गी लागणार होतं, आणि हरखायचं म्हणजे एका म्हातारीच्या मरणाची वाट बघायची, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सरांच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात असावं. त्यानंतर गावाहून फोन आला की ते उभे राहून घ्यायचे.

ती गेली ती ऐन उन्हाळ्यात, सकाळची. सर आदल्या दिवशीच गावी पोचले होते. मला अक्काचा फोन आला. मी जनावरांच्या दवाखान्यातून थर्मास काठोकाठ भरून घेतला, चिमटे आणि सुऱ्यांची पेटी घेतली आणि गाडी काढली. परळी ओलांडताना ऊन राखेनं धुरकट झालं होतं. पोचले तेव्हा माणसं लिंबाखाली बसली होती. आत मायला अंघोळ घालून ओसरीवर ठेवलं होतं आणि सर तिच्या पायांशी बसले होते.

वेळ हाताशी होता, पण फार नव्हता. अशा उकाड्यात मांस लवकर उतरतं, हे सरांनीच मला शिकवलेलं. वर्गात मुलं पाच मिनिटं उशिरा आली तर ते म्हणायचे, मेलेला माणूस तुमच्यासाठी थांबत नसतो.

तेवढ्यात पालीहून मामाच्या मुलाचा फोन आला. कुणीतरी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तो रडतच बोलत होता. तो कामासाठी दूर गेलेला, निघालो आहे म्हणाला, पण पोचायला दिवस मावळेल. म्हणाला की आत्याला उन्हात ताटकळत ठेवू नका, परळीतून आमच्या नावानं लुगडं घ्या, अक्कानं पांघरावं, आमचंच समजावं. जाणती माणसं माना डोलावू लागली. असं करतात, चालतं, म्हणाली. एकानं तर पोराला गाडी काढायला सांगितली.

सर फोनकडे न बघता म्हणाले, "न्हाई. तुमीच आना."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. मी जवळ जाऊन खाली बसले आणि हळूच सांगितलं की सर, परळीची दुकानं मला माहीत आहेत, मी जाते आणि घेऊन येते, तुम्ही फक्त हो म्हणा. ते म्हणाले की मॅडम, ती माहेरचं म्हणाली होती. मी म्हटलं, तिनं पोटरीही देते म्हटलं होतं. चादरीवरून त्यांचा हात मायच्या घोट्यावर होता, तो तसाच राहिला.

मी ओसरीच्या कडेला थर्मास मांडीवर घेऊन बसले. सैल झाकणातून पांढरी वाफ बाहेर पडत होती. बायका रडता रडता मध्येच तिकडे बघायच्या. अक्का पाणी घेऊन आली, थर्मासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. दुपार कलली तशी वाफ बारीक होत गेली. पोटरीचा प्रश्न तिथे जमलेल्या कुणाचाच नव्हता. ज्याचा होता तो तिच्या पायांशी बसून होता.

लुगडं आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. साधं, बारीक काठाचं. सरांनी स्वतः ते मायच्या अंगावर पसरलं, पायांवर नीट ओढलं आणि म्हणाले, "उचला." मी उभी राहिले होते, पेटी हातात होती. तोवर तिचे पाय ताठले होते आणि थर्मासात काही उरलं नव्हतं.

मला सरांचा भयंकर राग आला. मरणघर आहे म्हणून तो कमी झाला नाही. परतताना गाडीत मी एकटीच मोठ्यानं बोलत होते. या माणसानं पोरांना शास्त्र शिकवायचं, गावोगाव लोकांना समजावत फिरायचं, आणि आपल्या घरची पाळी आली की लुगड्याचं निमित्त करायचं. कितीतरी दिवस मी विभागात कामापुरतंच बोलत होते. चहा आला तर माझ्या टेबलावर घ्यायचे, त्यांच्या खोलीत जायचे नाही.

एके दिवशी ते स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. त्यांनी सांगितलं की लहानपणी मेंढरांच्या मागे रानात असताना माय पहाटे अंधारातच उठून जायची. जाग आली की हे एकटेच, कुत्र्याजवळ. म्हणून ते रात्री उलटं होऊन तिच्या पायाशी झोपायचे, दोन्ही हातांनी तिची पोटरी धरून. ती उठायला लागली की पोटरी घट्ट व्हायची, यांना जाग यायची आणि मग ते तिला सोडायचे नाहीत.

"सुरी कुठं लावायची ते मला नेमकं माहीत होतं, मॅडम," ते म्हणाले. "कुणाला माहीत नसेल इतकं."

माझा राग थोडा उतरला, पूर्ण उतरला नाही. कामाचं नुकसान झालं ते झालंच होतं, आणि तसं माणूस पुन्हा मिळालं नाही. मेंढरं घेऊन फिरणारी घरं कमी होत गेली, पोरं दुसऱ्या कामाला लागली. सर निवृत्त झाले, विभाग माझ्याकडे आला. त्यांनी गोठवलेले तुकडे मी सांभाळले, रंगवलेल्या काचा सांभाळल्या. बेवारस माणसांच्या त्या काचांवर चांगलं काम झालं होतं, आजही त्यांच्यावरून शिकवते. पण त्यांच्याशी ताडून पाहायला जे हवं होतं ते कधी आलंच नाही.

जायच्या आधी सरांनी मला आणि अक्काला समोर बसवून सांगितलं की माझी पोटरी घ्या. निम्मा जन्म चाललो, निम्मा तुमच्या विच्छेदनाच्या हॉलमध्ये उभा राहिलो, त्यामुळे फार उपयोगाची नाही, पण ओळखीची आहे. मी विचारलं, मग पूर्ण देहच का देत नाही? म्हणाले, अक्काला माती द्यायला काहीतरी राहू दे. अक्कानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

गेल्या थंडीत सर गेले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आधीच गेलेल्या, मुलगा परदेशात. अक्का त्यांच्याकडेच आली होती, तिनंच फोन केला. मी थर्मास घेऊन गेले. जनावरांच्या दवाखान्यात आता दुसरे डॉक्टर होते. त्यांनी काही न विचारता भरून दिला.

मुलाशी फोनवर बोलणं झालं. त्याचा आवाज फुटत होता, पण म्हणणं स्पष्ट होतं. बाबांनी सांगितलं तसं करा, माझ्यासाठी थांबू नका, मी पोचेन तेव्हा पोचेन. मी त्याला म्हटलं की निदान तोंड तरी बघ, जरा वेळानं व्हिडिओ कॉल लावते. मग तिथलं नेट नीट चालेना म्हणून थांबले. मग कॉलेजातली माणसं येऊन जाऊ देत म्हटलं. मग पेटीतल्या सुऱ्या पुन्हा पुसल्या. शेजारच्यांनी चहा आणला, तो प्याले. सर पलंगावर होते, पायावर शाल होती. ती शाल बाजूला करायला मला काही केल्या मुहूर्त मिळत नव्हता.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं तिचं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, पोरगं थांबू नका म्हणतंय," ती म्हणाली. "मंग तुमी कावून थांबलाव?"

मी म्हटलं, थोडं बोलून घेऊ दे त्याला. तिनं मान हलवली.

"माय गेली त्या दिशी बी असंच झालतं. मामाचं पोरगं घ्या म्हणलतं लुगडं परळीतून. ह्योच न्हाई म्हणला. लुगड्याचं काय न्हवतं, बाई. त्याच्यानं व्हईना. तुमी लई रागावलताव त्याच्यावर, मला कळत व्हतं. आता तुमच्यानं व्हईना. व्हत नसंल तर तसं म्हणा, कोन काय म्हणणार न्हाई तुमाला. पर त्या बिचाऱ्या पोराचं नाव फुडं करू नका."

मी तिथेच रडले. सर गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात झापत आले होते, त्याच्या जागी बसून बघितल्यावर कळलं की त्यानं त्या दिवशी दुसरं काही करायला हवं होतं असं मला आता म्हणता येणार नाही. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. एवढा साधा माणूस, एका वाक्यात सांगता आलं असतं.

मग मी शाल बाजूला केली. अक्का उठून आली आणि लोकर कातरताना मेंढराचा पाय धरतात तसा तिनं भावाचा पाय धरला. धरायची गरज नव्हती, तो पाय आता हलणार नव्हता. पण ती धरून होती म्हणून मला सुरी लावता आली. तुकडा काढला, नत्रात सोडला, तो पांढरा झाला. टाके घातले ते जिवंत माणसाला घालतात तसे, बारीक.

दहाव्यानंतर मी अक्काला भेटायला गावी गेले. मोबाइलमध्ये त्या काचेचं चित्र नेलं होतं. लाल-तपकिरी धागे आणि त्यांच्यात मिसळलेले फिके, एकमेकांना खेटून. तिनं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. म्हणाली, मेंढरं बसल्यावानी दिसत्यात. काळी आन पांढरी, वरून बघितल्यावर. त्यात गडद जास्त होते. निम्मा जन्म चाललेल्या माणसाला शोभतील इतके असतीलही, पण एका पोटरीवरून मी काही सांगू शकत नाही. पूर्ण जन्म चाललेली पोटरी शेजारी ठेवायला हवी होती. हे मी तिला सांगितलं नाही, ती न सांगताच समजली असावी. मोबाइल मला परत देऊन तिनं पाय पुढे लांब केला आणि आपली पोटरी वरून खाली दाबत राहिली. अजूनही ती मेंढरांमागे जाते, लांब नाही, पण जाते.

"मव्ही घ्या तुमी," ती म्हणाली. "आन मव्ह्या येळंला कुणाची वाट बघायची न्हाई. लुगडं आणणारा ह्योच एक व्हता. आता माहेर सरलं."

मी तिच्या पायाकडेच बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "लुगडं मी आणीन, अक्का."

तिनं पदरानं डोळे पुसले, मोडलेल्या दातांतून थोडंसं हसली.

"मंग येळंवर या," ती म्हणाली आणि चुलीवर चहा ठेवायला उठली.